खडूशिवाय निघालेली गाडी

सातपूरच्या माझ्या टायरच्या दुकानात एक नियम आहे. टायर बदललेली कुठलीही गाडी चारही चाकांवर खडूनं आकडा लिहिल्याशिवाय बाहेर पडत नाही. आकडा हवेचा. नवा टायर रिमवर बसवताना हवा जास्त भरावी लागते, चाळीस-पंचेचाळीसपर्यंत. तेव्हा कुठं त्याची कड टप्पकन आवाज करून रिमच्या खोबणीत बसते. मग ती हवा उतरवून तीस-बत्तीसवर आणायची आणि टायरच्या बाजूला तसं लिहायचं. उतरवणं आणि लिहिणं मी स्वतः करतो. सुनील माझ्याकडे अठरा वर्षं आहे, पण खडूला त्यालाही हात लावू देत नाही. तरन्नुम शाळेत होती तेव्हा तिला मात्र लिहू द्यायचो. लेक माझी, आणि तिचा आकडा सुबक यायचा.

तरन्नुम आता लासलगावला असते. तिचा नवरा फैजान कांद्याचा व्यापारी. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात तिला रक्त गेलं आणि दोन महिने ती अंथरुणावर होती. आठवा लागल्यावर नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता आणा, पण गाडी हळू चालवा. धक्के बसू देऊ नका." पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. प्रश्न एवढाच होता की आणायचं कुणाच्या गाडीतून.

फैजाननं गेल्या वर्षी नवी गाडी घेतली होती. अठरा इंची चकचकीत अलॉयची चाकं आणि त्यावर पातळ टायर. पहिल्यांदा ती गाडी पाहिली तेव्हाच मी म्हणालो होतो, "हा टायर आहे की रबरी बांगडी?" तो हसला होता. मला मात्र त्या गाडीचा रागच यायचा. खरं सांगायचं तर गाडीपेक्षा त्या हसण्याचा जास्त.

माझी गाडी चौदा वर्षांची, लोखंडी रिमची. तरन्नुमला आणायचं म्हणून आदल्या दिवशी मी गाडीला चार नवे टायर घातले, अरुंद आणि उंच. सुनीलनं चारही टायर रिमवर चढवले, हवा भरली, कडा बसल्या. मी हवा उतरवायला वाकणार एवढ्यात फैजानचा फोन आला.

"अब्बा, तुम्ही कशाला त्रास घेता? मीच घेऊन येतो तिला माझ्या गाडीतून."

झालं, माझं डोकं सटकलं. "तुमच्या गाडीतून? रिम आणि रस्ता यांच्यात जेमतेम चार बोटं रबर आहे तुमच्या. खड्ड्याची कड लागली की टायर मधल्यामध्ये चिरडतो. मग बाजूला फुगा येतो, नाहीतर रिमलाच तडा. महिन्याला दहा गाड्या येतात माझ्याकडे अशा."

"गाडीचं सस्पेन्शन चांगलंय, अब्बा."

"सस्पेन्शनचं नंतर. खड्ड्याला आधी भेटतो तो टायर."

"मग मामूंची जीप मागतो. तिचे टायर चांगले जाड आहेत."

"जाड टायर फाटत नाही, हे कबूल. पण त्याच्या बाजूची भिंत एवढी ताठ असते की सगळा धक्का बसणाऱ्याच्या कमरेत जातो. उंच आणि मऊ भिंतीचा टायर लागतो. तो दबतो, खड्डा स्वतः सोसतो, आत येऊ देत नाही. माझ्याच गाडीतून यायचं तिनं, विषय संपला."

हे सगळं मी दुकानात येरझाऱ्या घालत वीस मिनिटं सांगितलं. फोन ठेवला तोवर सुनीलनं जॅक काढून गाडी दारात उभी केली होती. मी किल्ली घेतली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझी बायको शहनाज लासलगावला निघालो. निफाडच्या पुढे शहनाज म्हणाली, "अहो, गाडी फार आदळतेय."

"नवे टायर आहेत, कडक असणारच. आणि रस्ता बघ की," मी म्हणालो. तीस वर्षं मी रस्त्यांना शिव्या घालत आलोय. त्या दिवशीही घातल्या.

लासलगावला जेवणं झाली. तरन्नुमला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं, शेजारी शहनाज. फैजान त्याच्या गाडीतून मागोमाग येणार होता. विंचूरपर्यंतचा रस्ता कांद्याच्या ट्रॅक्टरांनी पार उखडला होता. मी बैलगाडीच्या वेगानं चालवत होतो, तरी प्रत्येक खड्डा थेट सीटमधून वर येत होता. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. आधी ती आईशी बोलत होती. मग तिनं खालचा ओठ दातांत धरला.

"अब्बा, थांबवा. पोट कडक होतंय."

मी गाडी बाजूला घेतली. शहनाज तिच्या पोटावर हात ठेवून पुटपुटत दुआ मागू लागली. फैजान धावत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. हट्ट माझा होता. काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या हट्टानं झालं असतं.

पाच-सात मिनिटांनी तिचं पोट सैल पडलं. तिला मोकळी हवा हवी होती, म्हणून फैजाननं तिला धरून बाहेर उभं केलं. गाडीला टेकून ती खाली बघत राहिली, पुढच्या चाकाकडे, मग मागच्या.

"अब्बा, खडू कुठंय?"

"काय?"

"टायर नवे आहेत ना? मग खडू का नाही?"

तो फोन आठवला. हवा उतरवायला वाकणार होतो तेही आठवलं. गिऱ्हाइकाची गाडी असती तर दारात आडवा झालो असतो. स्वतःच्या गाडीचा टायर बघायचं मला सुचलंच नव्हतं, आणि सुनीलला तर हात लावायची बंदी मीच घातलेली.

हवा मोजायचं मीटर दुकानात राहिलं होतं. फैजान डिकीतून हवा भरायचं त्याचं छोटं यंत्र घेऊन आला. या यंत्राला मी एकदा खेळणं म्हणालो होतो. नळी लावली तशी आकडा उमटला. सेहेचाळीस. दुसऱ्या चाकाला सेहेचाळीस, तिसऱ्याला पंचेचाळीस. एवढ्या हवेत उंच टायर काय आणि लाकडाचं चाक काय, सारखंच.

"तू फैजानच्या गाडीत बस, बेटा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "तुम्ही सांगितलं ते चूक नाही, अब्बा. टायर हेच बरे. हवा उतरवा."

मी रस्त्याच्या कडेला गुडघे टेकले. फैजान यंत्र धरून आकडे सांगत होता आणि मी किल्लीच्या टोकानं वॉल्व्ह दाबत होतो. चाळीस. पस्तीस. तीस. मी एका चाकाकडून दुसऱ्याकडे सरकलो की तरन्नुम आईचा हात धरून यायची. वाकता येत नव्हतं, म्हणून ती शहनाजकडून टायरवरच्या धुळीत बोटानं तीस लिहून घेत होती.

विंचूर मागे पडलं आणि पुढं निफाडपर्यंत काय, नाशिकपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. खड्डे तेच होते. चाक त्यात उतरायचं, दबायचं, बाहेर यायचं. ओझरजवळ तरन्नुमला झोप लागली. मी मात्र आरशातून नजर काढली नाही.

आम्ही घरी न जाता थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावर फिरवलं. एक क्षण नुसती खरखर आली आणि मग ते ठोके ऐकू आले, भराभर, घाईत असल्यासारखे. शहनाज रडायला लागली. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"बाळ छान आहे," बाई म्हणाल्या. "पण पोट कडक झालं म्हणता, म्हणजे धक्के बसलेत. सांगितलं होतं ना मी?"

तरन्नुम पटकन म्हणाली, "रस्ता फार खराब आहे हो, डॉक्टर."

बाईंनी मान डोलावली. नाशिकमध्ये एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. मीही गप्प बसलो असतो तर चाललं असतं.

"रस्ता नाही," मी म्हणालो. "हवा माझ्याकडून चुकली. जावई स्वतः आणतो म्हणत होते, मी ऐकलं नाही."

बाईंना त्यातलं काही कळलं नसावं. त्या गोळ्या लिहू लागल्या. फैजान मात्र उठला, बाहेर गेला आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला. झाकण त्यानंच उघडून दिलं.