हापशाला लाल रंग

शहाण्णवच्या उन्हाळ्यात पाण्याचा तपासणी अहवाल आला आणि आरोग्यसेविका रोहिणी लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन सिरसाळ्याच्या पलीकडच्या वस्तीवर गेली. सावित्रीबाई हापशाला पाठ लावून उभ्या होत्या. मागं दहा-बारा बाया थांबल्या होत्या.

"हात लावू नको. ह्या बोअरसाठी आमी लई खेटे घातले. आता कावून बंद करायलीस?"

"बंद न्हाई करत, काकू. लाल रंग म्हंजी प्यायचं न्हाई, एवढंच. धुण्याभांड्याला वापरा, पण प्यायला विहिरीचं आणा. ह्या पाण्यात फ्लोराइड लई हाय. थोडं असलं तर दात घट्ट होतात, जास्त झालं की पोरांचे दात डागाळतात."

"दात घासत न्हाईत म्हणून डागाळतात."

एका बाईनं रोहिणीच्या हातातला ब्रश हिसकावून घेतला. रोहिणी मागं सरली नाही.

"बोअर कधी पाडला, काकू?"

"धा वर्सं झाली."

"तुमच्या दोन्ही नातवंडांना बोलवा."

वीस वर्षांचा अभिमन्यू आला. त्याचे दात पांढरेशुभ्र होते. नऊ वर्षांच्या करिष्मानं मात्र तोंडावर हात धरला. सावित्रीबाईंनी तो हळूच बाजूला केला. दातांवर तपकिरी पट्टे होते. घरात राखुंडी एकच, पण अभिमन्यूचे दात विहिरीच्या पाण्यावर आले होते, करिष्माचे बोअरच्या.

"दात घास म्हणून मी हिला रोज मारलं," त्या पुटपुटल्या.

त्यांनी त्या बाईकडून ब्रश घेऊन रोहिणीला दिला आणि हापशापासून बाजूला झाल्या.

"अभिमन्यू, विहिरीला पोहरा न्हाई. आधी त्याचं बघ."