वाट्यावरची नजर

"आत न्हाय म्हंजे? बारा वर्सं आत जातेय मी!" डोक्यावरची मासळीची पाटी न उतरवताच जनीने विचारले.

"नियम म्हणजे नियम," गेटवर कालच लावलेल्या फलकाकडे बोट दाखवत चेअरमन धनेश म्हणाले. "फेरीवाल्यांना मनाई. महिन्यात दोन फ्लॅट फुटले आपले."

"मना वळखत न्हाय तुमी?"

"प्रश्न ओळखीचा नाही, जनीबाई. सेफ्टीचा आहे."

उलव्यातले हे चार टॉवर जिथे उभे आहेत, तिथे एकेकाळी जनीच्या सासऱ्याचे खाजण, खाडीकाठची खारी जमीन, होते. हे तिने कधी कुणाला ऐकवले नव्हते. पण चोरांच्या पंगतीत बसवल्याचे तिला फार लागले. गेटसमोरच्या फुटपाथवर तिने बसकण मारली आणि बोंबलांचे वाटे लावले.

वाटे लावून विकणाऱ्या बाईचे डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर नसतात, हातावर असतात. चांगल्या शिकल्यासवरल्या बायका मुलांच्या परीक्षेच्या गप्पा मारता मारता शेजारच्या वाट्यातला एखादा बोंबील अलगद आपल्या वाट्यात सरकवतात. जनी गप्पांना हुंकार देई आणि सरकलेला बोंबील तितक्याच अलगद परत जागेवर ठेवी. भांडण नाही, काही नाही.

पण मासळीसाठी खाली उतरायचा कंटाळा सगळ्यांनाच. पाचव्या दिवशीही अर्धी पाटी तशीच राहिली, तेव्हा उद्यापासून यायचेच नाही, असे तिने ठरवून टाकले.

तेवढ्यात चेअरमनच्या आई कोकिळाबाई पिशवी घेऊन गेटबाहेर आल्या. मूळच्या श्रीवर्धनच्या, मासळीवाचून घास न उतरणाऱ्या. त्या रस्ता ओलांडून जनीजवळ पोहोचतात तोच एक मोटरसायकल आडवी आली. मागे बसलेला खाकी पँटवाला खाली उतरला आणि त्याने कार्ड दाखवले. ते पाहून वॉचमनने लांबूनच कडक सलाम ठोकला.

"आजी, आम्ही पोलीस. पुढच्या चौकात आत्ताच सोन्यासाठी एका बाईवर वार झालाय. एवढ्या पाटल्या घालून कशाला फिरता? काढा, कागदात बांधून देतो."

कोकिळाबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी पाटल्या काढून दिल्या. त्याने पुडी बांधली आणि गोड बोलत बोलत ती त्यांच्या पिशवीत टाकली.

आणि जनी ताडकन उठली. सरकवला मेल्याने!

तिने त्याचे मनगट धरले. "आजीची पुडी ही न्हाय. खिशात घातलीस ती काढ!"

"ए बाई, पोलिसाला हात लावतेस?"

"पोलीस हायेस ना? मंग चल ठान्यात, मी पन येतेय!"

त्याने हिसका दिला, पण बारा वर्षे बर्फ फोडलेला हात होता तो, सुटतोय कसला! साथीदाराने गाडीला किक मारली, तशी जनीने पायाने अख्खी पाटी त्याच्या चाकाखाली उलथवली. बोंबलाइतके बुळबुळीत दुसरे काही नसते. चाक गरगरले आणि गाडी स्वारासकट आडवी झाली. एवढे झाल्यावर वॉचमनला काठी आठवली. दिवसाचा उरलेला माल चिखल होऊन रस्त्यावर पडला होता. जनीने तिकडे एकदाही पाहिले नाही.

पिशवीतल्या पुडीत प्लास्टिकच्या बांगड्या निघाल्या, त्याच्या खिशातल्या पुडीत पाटल्या. खरे पोलीस आले. या जोडीने शहरभर म्हाताऱ्यांना असेच लुबाडले होते, असे साहेबांनी सांगितले.

"तुम्ही कसं ओळखलंत, मावशी?"

"ह्या सोसायटीतल्या बायांनीच शिकवलंय, साहेब," जनी म्हणाली. जमलेल्या बायकांपैकी दोघी-तिघींना एकदम घरचा गॅस आठवला.

धनेश धापा टाकत आले. आईच्या हातात पाटल्या पाहून ते थेट जनीकडे वळले. "जनीबाई, उद्यापासून आत या. पास करून देतो."

"पास नको. यो फलक काढा, मंगच येईन."

धनेश स्वतः घरून पाना घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने माणसांचे छोटे दार उघडले. भरल्या पाटीसकट त्यातून जायचे तर वाकावे लागले असते. जनी नुसतीच उभी राहिली. मग त्याने गाड्यांचे मोठे गेट सताड उघडले.

ताठ मानेने आत जाऊन तिने हाळी दिली, "म्हावरं घ्या गो, म्हावरं!" चारी टॉवरांच्या खिडक्या उघडू लागल्या. सहाव्या मजल्यावरून कोकिळाबाई ओरडल्या, "जने, आधी माझ्याकडे ये!"