दीड सेंटिमीटर

सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमचं वर्कशॉप आहे. तिथे मी अठ्ठावीस वर्षं पाय बनवतेय. लढाई सुरू व्हायच्या आधी महिन्याला पाच-सहा पाय व्हायचे. कुणी मशीनमध्ये सापडलेला, कुणाची मधुमेहाची जखम चिघळलेली. आता आठवड्याला वीस होतात आणि सगळे विशी-बाविशीतले. तरी रेडिओवर रोज सकाळी एक माणूस खणखणीत आवाजात सांगतो की आपली हानी नगण्य आहे. मी म्हणते, बाबा रे, एकदा आमच्या व्हरांड्यात येऊन बाकावर बसायला जागा मिळते का ते बघ.

हे मी मनातल्या मनात म्हणत नाही. चांगलं मोठ्यानं म्हणते, म्हणून वर्कशॉपात मला सगळे 'तोफ' म्हणतात. दर सोमवारी मी मंत्रालयाला पत्र टाकते: ही लढाई थांबवा, ती कशासाठी चालली आहे ते निदान एकदा सरळ शब्दांत सांगा. आतापर्यंत एकसष्ट पत्रं झाली. प्रत्येकाला तेच छापील उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' सूचना म्हणे. मी काय त्यांना खिडकीचे पडदे बदलायला सांगत होते? एकदा आम्ही अकरा जण चौकात फलक घेऊन उभे राहिलो. पोलिसांनी फलक जप्त केले आणि काठ्या परत दिल्या, वर 'मावशी, ऊन लागेल, घरी जा' असा सल्लाही दिला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असं सगळं चाललं असताना माझ्या थोरल्या बहिणीचा मोठा मुलगा आला, तो आमच्याच इस्पितळात. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरलेला. त्याला घरात सगळे लंबू म्हणतात, कारण बारा वर्षांचा असतानाच त्याचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलं होतं. मला बघून हसला आणि म्हणाला, "मावशी, तुला घरचंच गिऱ्हाईक आणलं बघ." मी त्याला नको नको ते बोलले, मग बाहेर जाऊन प्लास्टरच्या पोत्यावर बसून रडले.

पाय गेला तो गेला, पण पोरगा घरी राहील, एवढं तरी आमच्या पदरात पडलं असं मला वाटत होतं. कसलं काय. वसंतात नियम निघाला होता: ज्याला नवा पाय बसला आणि जो काठीशिवाय चालला, त्याला 'हलक्या कामासाठी' परत पाठवायचं. हलकं काम म्हणजे सीमेलगतच्या दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा. तिथे दर आठ दिवसांनी बॉम्ब पडतात, हे आमच्या बाकावरच्या कुठल्याही पोराला विचारा. चालला की नाही हे ठरवायला तिघांचं मंडळ बसतं, दर गुरुवारी, फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये. म्हणजे मी जितका चांगला पाय करीन तितका तो पोरगा लवकर मरायला जाणार. सरकारनं माझ्या हातातली कला अशी आपल्या दावणीला बांधून घेतली होती.

ताई वर्कशॉपात आली. तिनं आयुष्यात कधी कुणापुढे हात पसरले नाहीत, माझ्यापुढे तर नाहीच. लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घालणारी बाई ती. त्या दिवशी दारातच उभी राहून म्हणाली, "तू काहीतरी कर. त्याला परत जाऊ देऊ नकोस." बस, एवढंच. मी म्हटलं, "बघते."

आणि मी केलं. आमच्या कामात आधी उरलेल्या पायावर ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घ्यायचा, त्यावरून सॉकेट बनवायचं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कप. मग खाली नळी, नळीला पाऊल. नळी किती लांब कापायची ते माप माझं. माणसाला उभं करायचं, मागे बसून त्याच्या कंबरेच्या दोन्ही हाडांवर तळहात ठेवायचे आणि हात एका पातळीत आले की झालं. या हातांना दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा कळतो. लंबूची नळी मी दीड सेंटिमीटर कमी कापली.

सॉकेटला हात लावला नाही. तिथे गडबड केली तर हाड घासून जखम होते, आणि तेवढी मी नीच नाही. दीड सेंटिमीटरनं दुखत नाही, माणूस फक्त लंगडतो, आणि मंडळाच्या फॉर्मवर चौथा प्रश्न होता, 'चाल सरळ आहे का?' तिथे 'नाही' आलं की पोरगा घरी. अठ्ठावीस वर्षांत मी एकही पाय वाकडा दिला नव्हता. नळीवरची खूण मी तीनदा पुसून पुन्हा काढली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मिस्त्री म्हणाला, "तोफ, आज काय बिघडलंय?" मी त्याला म्हटलं, "तू तुझं काम कर." वर्कशॉपात पाय करणारे आता आम्ही दोघंच उरलो होतो.

गुरुवारी मंडळापुढे लंबू उभा राहिला. मधे डॉक्टर, उजवीकडे गणवेशातला अधिकारी, डावीकडे फॉर्म भरणारा कारकून. पाय बनवणाऱ्यानं हजर राहायचं असतं, म्हणून मी भिंतीशी उभी. लंबूनं काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि चालायला लागला. मी वाट बघत होते की पहिल्याच पावलाला डावा खांदा खाली जाईल.

खांदा गेलाच नाही. तो सरळ चालत होता, पण प्रत्येक पावलाला डावा गुडघा पुढे ढकलला जात होता, कुणी मागून टप्पल मारावी तसा. असा गुडघा एकाच कारणानं पुढे जातो. त्यानं बुटात टाचेखाली काहीतरी घातलं होतं. लांबी जुळली, पण टाच उंच झाल्यामुळे सगळा भार सॉकेटच्या पुढच्या काठावर, नडगीच्या हाडावर येत होता. पंधराव्या पावलाला त्याचे ओठ पांढरे पडले, तरी तो चालतच राहिला. अरे गाढवा, मी म्हणत होते, थांब ना.

"चाळीस," कारकून म्हणाला.

"चौथा प्रश्न?" मी विचारलं. "चालीचं काय?"

"नव्या फॉर्मवर तो प्रश्न नाही," कारकून म्हणाला. "आता फक्त पावलं. आणि शंभराची चाळीस केलीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलापुढे जाऊन सगळं ओकले. म्हटलं, हा पाय दीड सेंटिमीटर तोकडा आहे, मी स्वतः तो मुद्दाम तोकडा कापलाय, हा मुलगा अजून बरा झालेला नाही, आणि तुम्ही लुळ्यापांगळ्यांना उचलून तोफेच्या तोंडी देताय, ते कशासाठी हे तुमच्यापैकी एकाला तरी माहीत आहे का? लिहून घ्या म्हटलं, माझं नाव घाला, मला अटक करा.

मला खरंच वाटलं होतं की आता काहीतरी होईल. निदान आरडाओरडा होईल. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. अधिकाऱ्यानं कारकुनाला विचारलं, "पाय करणारे किती आहेत इथे?" कारकून म्हणाला, "दोन." मग अधिकारी माझ्याकडे वळून अगदी समजुतीच्या सुरात बोलला, "बाई, हा गंभीर गुन्हा आहे. तुमच्यावर कारवाई होईल, पण लढाई संपल्यावर. आत्ता माणसं नाहीत. पुढच्या गुरुवारपर्यंत पाय दुरुस्त करून द्या." आणि कारकुनाकडे वळून, "पुढचा कोण?"

झालं. एकसष्ट पत्रांचं जे झालं तेच. नोंद घेण्यात आली.

बाहेर व्हरांड्यात लंबूला बाकावर बसवून मी त्याचा बूट काढला. आत जुन्या चपलेच्या तळाचे कापलेले तीन तुकडे होते, एकावर एक. सॉकेट काढलं तर आतला मोजा पुढच्या बाजूनं लाल झालेला. माझ्या हातून त्याला जखम झाली होती, जी होऊ नये म्हणून मी सॉकेटला हातसुद्धा लावला नव्हता.

"कशाला घातलेस हे?" मी ओरडले. "मेल्या, कुणी सांगितलं होतं तुला?"

"मला वाटलं तुझं माप चुकलं," तो म्हणाला. "तुझी चूक मंडळापुढे दिसू नये म्हणून घातले. लोक म्हणाले असते, तोफ म्हातारी झाली." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आत ऐकलं तेव्हा कळलं. मुद्दाम केलंस होय?"

"मग काय करणार होते? तुला जायचंय का परत तिकडे? खरं सांग."

"मला? मी तर एका पायावर तयार आहे," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मी हसले नाही. खिशातून त्यानं चौपदरी घडी घातलेला कागद काढला. वॉर्डात लावलेल्या परिपत्रकाची हातानं उतरवलेली नक्कल होती. घरटी एक माणूस द्यायचा हे आम्हाला ठाऊक होतंच. नवीन एवढंच होतं की परत आलेला कामाचा उरला नाही, तर त्या घराची जागा रिकामी धरायची आणि घरातला पुढचा बोलवायचा.

घरातला पुढचा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा. दिवसभर वह्यांत पुलांची चित्रं काढत बसतो, कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलतो.

"आईला सांगितलं नाही," लंबू म्हणाला. "तिला काय सांगणार? यातला कुठला देतेस म्हणून?"

मी तो कागद तीनदा वाचला. दर सोमवारी पत्र लिहिणारी मी, सरकारचं प्रत्येक फर्मान तोंडपाठ असलेली मी, आणि हेच माझ्या नजरेतून सुटलं होतं. मी मोठी शहाणी निघाले होते सरकारला फसवायला. त्यांनी दोन्ही दारं आधीच लावून ठेवली होती आणि मी आपली करवत घेऊन खिडकी कापत बसले होते. मला इतका संताप आला की रडूही येईना.

ताईला मीच सांगितलं. सांगायलाच हवं होतं. मुलं तिची आहेत. तिनं कागद वाचून परत घडी घातली. मला वाटलं आता माझ्यावर तोंड टाकेल, आणि मला ते हवंही होतं. पण ती उठली, पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नीट कर पाय. तिथे त्याला पळावं लागलं तर पळता आलं पाहिजे." आठ दिवसांपूर्वी ज्या दारात उभी राहून तिनं 'जाऊ देऊ नकोस' म्हटलं होतं, त्याच दारातून ती बाहेर गेली.

जखम सुकायला पाच दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मी नवीन साचा घेतला, कारण सूज उतरून पाय बारीक झाला होता. नळी कापली. सगळ्यात चांगलं पाऊल मिस्त्रीच्या कपाटातून ढापलं. त्यानं ते कुणा बड्या अधिकाऱ्यासाठी लपवून ठेवलं होतं. त्यानं बघितलं आणि त्याचे स्क्रू काढून माझ्या टेबलावर ठेवले. सॉकेटचा काठ मी हातानं घासला, पॉलिश पेपरनं, मग कापडानं, मग गालाला लावून बघितला. रेडिओवर तो माणूस हानी नगण्य असल्याचं सांगत होता. मिस्त्रीनं उठून रेडिओ बंद केला. तो उठला नसता तर मी फोडला असता.

बुधवारी दुपारी लंबूला उभं केलं. ताई बाकावर बसली होती, धाकटाही आला होता. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. मी मागे बसून दोन्ही तळहात कंबरेवर ठेवले. लंबू वर्कशॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, वळला, परत आला. मग दुडक्या चालीनं धावला. धाकट्यानं टाळ्या वाजवल्या. "दादा, कळतसुद्धा नाही रे," तो म्हणाला.

मी लंबूला म्हटलं, पुन्हा चाल. तो चालला. पुन्हा म्हटलं. गुडघा बघितला, टाच बघितली, खांदे बघितले, जमिनीवर पालथी पडून पाऊल कसं टेकतंय ते बघितलं. कुठेतरी काहीतरी चुकलेलं असेल, या वेळी मी न करता चुकलेलं, म्हणून शोधत होते. तो बिचारा सातव्यांदा फेरी मारून आला आणि म्हणाला, "मावशी, पुरे आता."

ताईनं विचारलं, "झाला?"

मी हात झटकत उठले. "झाला," मी म्हटलं. "काही खोट नाही."