लाडोबाचं पथ्य

शिंप्याची बायको जाऊन वर्ष होत आलं, तरी दुपारी दुकानात तिची हाक यायचीच. "अहो, आटपा की! जेवण गार होतंय." नवं गिऱ्हाईक दचकून मागच्या दाराकडे बघायचं. दार बंद, आणि कापडाच्या ताग्यांवर टांगलेल्या पिंजऱ्यात तिने वाढवलेला पोपट, लाडोबा, मान वाकडी करून बसलेला. हुबेहूब तिचा आवाज, तोच लटका राग.

हाक आली की शिंपी कात्री खाली ठेवून सूर्यफुलाच्या चार बिया पिंजऱ्यात टाकायचा. मेल्या पाखराला तेवढंच हवं! बिया संपल्या की पुन्हा हाक, पुन्हा बिया. गाजर-पालकाकडे लाडोबा ढुंकून बघत नसे.

पुढे लाडोबा बसल्या जागी धापा टाकू लागला, तेव्हा शिंपी आणि त्याची लेक त्याला घेऊन डॉक्टरकडे धावले. डॉक्टरबाईंनी त्याचं पोट चाचपलं. "नुसती चरबी. यकृत बिघडलंय. बिया किती देता?"

"हाक मारली की चार," शिंपी पुटपुटला.

लेक चमकली. "बाबा, तुम्हीपण?"

घ्या! संध्याकाळी कामावरून आल्यावर ती पिंजरा स्वयंपाकघरात न्यायची आणि आईची हाक ऐकत मूठभर बिया चारायची. आपण सावरलोय असं एकमेकांना वाटावं म्हणून दोघांनी लपवलं, आणि सोसलं कोणी? त्या मुक्या जिवाने.

"पाला, गाजर, सफरचंद, मक्याचे दाणे द्या. बिया हळूहळू कमी करा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हाक मारल्यावर काहीच द्यायचं नाही. मागितलं की बी मिळते हे कळल्यावर तो दुसरं कशाला खाईल?"

"मग तो बोलायचं सोडेल हो!" शिंपी कळवळला.

"सोडेलही. पण जगेल."

शिंपी बाहेर येऊन पायरीवर बसला. लेक म्हणाली, "आईचा जीव होता त्याच्यावर. मरू द्यायचा का?"

दोघांनी काळजावर दगड ठेवला. लाडोबाने पालक उधळला, गाजर लाथाडलं आणि दिवसभर हाकांचा सपाटा लावला. "अहो, आटपा की! अहो!" बायकोला दारात उपाशी उभं केल्यासारखं शिंप्याला वाटायचं. ऐकवेना तेव्हा तो चिंधीवर मशीन चालवायचा, नुसतीच, दोरा न ओवता. लेक स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवायची.

हळूहळू लाडोबा गाजर कुरतडू लागला, मग पालकही. पिसं चकाकली, धाप गेली. "छान सांभाळलंत," डॉक्टरांनी शाबासकी दिली. घरी येताना लेकीने विचारलं, "बाबा, तो शेवटचं कधी बोलला हो?"

शिंपी रस्त्यातच थांबला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

कोणालाच माहीत नव्हतं. तिची शेवटची हाक कधीतरी त्या मशीनच्या नाहीतर नळाच्या आवाजात विरून गेली होती.

दुकानात आल्यावर त्याने मशीनला हातसुद्धा लावला नाही. पिंजऱ्याला तोंड लावून म्हणाला, "अहो, आटपा की." आवाज घोगरा निघाला. त्याने आवाज बारीक केला, लटका राग आणून पाहिला, पुन्हा म्हणाला. मागे लेक तोंडात ओढणी कोंबून रडत होती. लाडोबाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो गाजर खात राहिला.