रामलिंगाचं कॉर्नेट

फडताळातून पितळी झाकण घरंगळलं, शहाबादी फरशीवर आदळलं आणि गरगर फिरत राहिलं. आधी मोठ्यानं, मग बारीक, मग नुसतं थरथरत. सोप्यात बसलेली माणसं ते थांबायची वाट बघत राहिली. गिरूनं दोन्ही कान झाकून घेतले. झाकण तिच्याच हातून निसटलं होतं.

झाकण थांबलं. त्यानंतर या घरात जे वाक्य यायचं, ते आलं नाही.

भांडं पडलं की विरुपाक्ष म्हणायचा, "रामलिंगापेक्षा हे सुरात हाय." दरवेळी तेच म्हणायचा आणि दरवेळी त्याची आई, इरम्मा, पदर तोंडाला लावून हसायची. दिवाळीनंतर काविळीनं तो गेला. तेव्हापासून घरातली भांडी फार जपून ठेवली जात होती.

महादेवी, त्याची बायको, उठली. झाकण उचलून तिनं पदरानं पुसलं, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी, आणि जागेवर ठेवलं. लेकीला ती रागावली नाही. हल्ली तिला रागही येत नसे.

हणमंतप्पांनी, तिच्या सासऱ्यांनी, घसा खाकरला.

"हां. मग बाजाचं काय करायचं?"

बाजा ठरायचा होता धाकट्या बसवराजच्या लग्नाचा. घरातलं माणूस गेलं की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून वैशाखातली तिथी धरली होती. नवरी आळंदची. मांडव ठरला होता, तेरखेड्याची शोभेची दारू सांगून झाली होती. बाजा तेवढा मागं राहिला, कारण मुरूमच्या या घरात बाजा निवडायचं काम थोरल्याचं, विरुपाक्षचं होतं.

"सोलापूरचा, लाल डगल्यांचा," बसवराज म्हणाला. "त्यांच्यात आता अ‍ॅकॉर्डियन आलंय, अप्पा. ट्विस्टची गाणी वाजवत्यात. पोरं नुसती येडी होत्यात."

"विरू काय म्हणायचा त्याला, ध्यानात हाय न्हवं?" हणमंतप्पा म्हणाले.

"भात्याला खोकला झालाय म्हणायचा." बसवराजला हसू फुटलं. लगेच त्यानं वहिनीकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"आळंदचा काय वाईट हाय?" इरम्मा म्हणाली. "नवरीकडचाबी हुईल. त्यांचा तो म्हातारा निजामाच्या फौजेत क्लॅरोनेट वाजवायचा म्हणं."

"दादाला तो लई पसंत. 'निजाम गेला, पर त्याची फुंक आपल्याकडंच ऱ्हायली' म्हणायचा. पर अव्वा, म्हाताऱ्याचे दात गेले की आता. नुसत्या हिरड्यांनी वाजवतो व्हय?"

"तुझ्या लग्नापुरते दात लावंल की!"

यावर हणमंतप्पासुद्धा थोडे हसले. मग म्हणाले, "ऱ्हायला रामलिंग."

"तो नको." इरम्माचा आवाज एकदम कोरडा झाला. "त्या दिवशी तोच होता."



रामलिंग मागच्या गल्लीतला शिंपी. लग्नसराईत तो बँडमास्तर व्हायचा. बँडचे निळे डगले त्यानंच शिवले होते. त्यामुळं डगल्यांना तरी नाव ठेवता येत नाही, असं विरुपाक्ष म्हणायचा. महादेवीच्या लग्नात रामलिंगच होता. अक्षता पडल्या, त्यानं कॉर्नेट तोंडाला लावलं, सूर वर वर चढवत नेला आणि ऐन टोकाला तो असा फाटला, की कुणी कोंबड्याची मान धरावी. नव्या नवरीनं मान खाली घालून ओठ दाबले. शेजारी पाहते तर नवरदेवाचे खांदे हलत होते. त्या माणसाशी तिची पहिली ओळख झाली ती अशी, शब्द बोलायच्या आधी.

मग सराईच्या दिवसांत माळवदावर बसायची त्यांना सवयच लागली. खालून वरात चालली की विरुपाक्षनं कानाची पाळी धरायची, म्हणजे बाजा वाईट. तिच्या मनगटावर बोट ठेवायचं, म्हणजे चांगला. आळंदच्या म्हाताऱ्यासाठी बोट. रामलिंगासाठी दोन्ही कान. महादेवी कधी मुकाट ऐकून घ्यायची नाही. सोलापूरवाल्यांचा मोठा ढोल तिला आवडायचा, पोटात वाजतो म्हणून. आणि विरुपाक्षनं त्यासाठी कान धरला की ती त्याचा हात ओढून खाली आणायची. गिरू मांडीवर असायची. बोलायला लागायच्या आधी ती पोरगी कान धरायला शिकली.

"वैनी," बसवराज म्हणाला, "दादाच्या मागं तुमालाच त्यातलं कळतं. तुमी सांगा. तुमी म्हणाल तो बाजा. उद्या सांगावा धाडायचाच हाय."

सगळे तिच्याकडं बघू लागले.

तिनं आठवून पाहिलं. विरुपाक्षची सगळी मतं तिला पाठ होती, त्याच्याच आवाजात. स्वतःचं मात्र काही हाताला लागेना. माघापासून दारावरून किती वराती गेल्या. एक लाल डगल्यांचीही होती. मोठा ढोल वाजला, तो पोटात वाजला नाही. दूर कुणी धुणं आपटत असावं, तेवढंच.

नंतर कुठलाच बाजा तिला ऐकू आला नव्हता. शेवटचा ऐकला होता तो विरुपाक्ष गेला त्या दिवशीचा.

त्या दिवशी विरुपाक्षला ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, नवा फेटा. लिंगायतांची रीतच तशी, माणूस बसूनच मातीत जातो. तिलाही त्याच्या शेजारी आणून बसवलं होतं, लग्नात बसवलं होतं तसंच. भजन चाललं होतं. बायका तिच्या खांद्याला धरून म्हणत होत्या, रड गं बाई, रड. आणि गल्लीच्या तोंडाशी रामलिंग येऊन उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. डगला नव्हता, अंगात रोजचा सदरा होता आणि त्यावर सुईदोरा तसाच टोचलेला.

भजन थांबल्यावर त्यानं कॉर्नेट तोंडाला लावलं. सूर हळूहळू वर चढू लागला. महादेवी वाट बघत होती. लग्नापासून प्रत्येक सराईत तो जिथं फाटत आला होता, ती जागा जवळ आली. तिनं ओठ दाबून धरले.

सूर फाटला नाही. त्या जागेवर गेला, थांबला, आणि सरळ पुढं निघून गेला. 

तेव्हा महादेवीनं मान वळवून विरुपाक्षकडं पाहिलं होतं. त्याला सांगायला. बोट त्याच्या मनगटापर्यंत गेलंही होतं. बायकांना वाटलं, आता ही रडेल. त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं. ती रडली नाही. नंतरही नाही.

"वैनी?"

"रामलिंगाला सांगा," महादेवी म्हणाली.

इरम्मानं मान वर केली. "अगं, विरूला तर तो..." ती थांबली. तिला सुनेच्या चेहऱ्यावर काही सापडेना. "आन् त्या दिवशीचं काय? लोक काय म्हणतील? मंगल कार्याला त्योच बाजा?"

"त्योच," महादेवी म्हणाली. "बाकीचं तुमी म्हणाल ते. बाजा रामलिंगाचा."

हणमंतप्पांनी सुनेकडं पाहिलं. मग म्हणाले, "पोरगी म्हणती तर तसं." बसवराजचं अ‍ॅकॉर्डियन गेलं, त्यानं कपाळाला हात लावला. इरम्मा पुटपुटत देवघराकडं गेली.

महादेवी स्वयंपाकघरात आली आणि चुलीपुढं बसली. भाकरीचं पीठ काढलं, पाणी घातलं, मळायला घेतलं. गिरू मागोमाग आली आणि तिच्या पाठीला टेकून उभी राहिली.

"आई, रामलिंगकाकाचा बाजा येणार?"

"व्हय."

"आपल्या काकाच्या लग्नात?"

"व्हय गं."

गिरूनं दोन्ही हातांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. आई हसते का, ते वाकून बघितलं. मग हळूच एक हात सोडला, दुसरा सोडला, आणि आईचं पिठानं भरलेलं मनगट धरलं.

"बाबा म्हणायचे तो वाईट हाय. मग तो चांगला कधी झाला?"