भावोजी दाराबाहेर

मालनने दाराची साखळी लावली आणि फटीतून म्हणाली, "भावोजी, आत येऊ नका."

बाहेर तिचा धाकटा दीर बाळा उभा होता. हातातल्या पिशवीत कालवणासाठी आणलेल्या जिवंत कुर्ल्या वळवळत होत्या, नाकाला रुमाल होता, आणि खोकला असा की मुलुंडची ती अख्खी इमारत जागी व्हावी.

"वहिनी, मस्करी नको करू. उघड."

"मस्करी? खोकताय तुम्ही! ह्यांना साधी सर्दी झाली तरी परत हॉस्पिटल. डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय ना?"

"अगो, ता परक्यांसाठी!" बाळा हसला. लाडात आला की त्याची मालवणी बाहेर यायची. "दादाच्या अंगात आता रक्त कोणाचं? माझं! मग माझा खोकला त्याला काय करणार?"

घ्या! मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या नवऱ्याला, चंद्रप्रकाशला, रक्ताचा कॅन्सर होता, तोही पार पुढे गेलेला. डॉक्टरांनी जोरदार केमो देऊन त्याचं जुनं रक्त बनवणारं यंत्रच बंद पाडलं आणि बाळाच्या स्टेमसेल्स चढवल्या. त्या रुजल्या. रक्तगटसुद्धा बदलून बाळाचा झाला. पण ते नवं रक्त तान्ह्या पोराइतकं कच्चं होतं, लहानपणीच्या लशीसुद्धा पुन्हा टोचायच्या होत्या.

बाळाचं देणं मोठंच होतं, मालननं ते कधी नाकारलं नाही. पण दोन्ही हातांना नळ्या लावून तो पडून राहिला, तो एक दिवस. तेवढ्यावर साहेब हीरो झाले. गावच्या मंडळानं शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली, फोटो फिरले. आणि मालन? अंधेरीची नोकरी सोडून ती घरात दाराच्या कड्या पुसत होती, पाणी उकळत होती, कोथिंबीरसुद्धा शिजवल्याशिवाय देत नव्हती. तोंडातल्या फोडांनी वैतागून नवरा खेकसला की ऐकून घेत होती. तिला कोणी नारळाची शेंडीसुद्धा दिली नाही.

"मालन, दार उघड!" आतून चंद्रप्रकाश आला. मास्क गळ्यात लोंबत होता. "माझा भाऊ आहे तो. त्यानं जीव दिलाय मला!"

"दिलाय ना? मग घालवू नका! मास्क वर करा आधी!" ती वळून ओरडली, आणि पुन्हा फटीत तोंड घालून म्हणाली, "भावोजी, पाया पडते तुमच्या. पण आत पाऊल टाकलंत तर बघा!"

बाळाचं तोंड उतरलं. त्यानं पिशवी कडीला अडकवली. "रक्त माझं, आणि दारात उभा मीच. वा गो वहिनी." तो जिना उतरून गेला.

संध्याकाळपर्यंत सासरचा सगळा गोतावळा फोनवर होता. मालन माजली, उपकार विसरली, सख्ख्या भावाला हाकलून दिलं. कुर्ल्या तिनं शेजारच्या रश्मीला देऊन टाकल्या. चंद्रप्रकाश जेवला, पण भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशीही तेच. बोलू नका, मरा, असं तिच्या तोंडावर आलं होतं. मरा हा शब्द तिनं कसाबसा गिळला.

मग बाळाच्या बायकोचा, नीलाचा फोन आला. मालननं मुद्दाम स्पीकर लावला.

"वहिनी, ह्यांना स्वाइन फ्लू निघाला. घरीच आहेत, पण तापानं फणफणलेत. सारखे रडतात. म्हणतात, वहिनीनं दार उघडलं असतं तर मी दादाला मारलं असतं."

फोन ठेवल्यावर चंद्रप्रकाशनं भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाला, "बाळाकडे बघायला कोण आहे?"

"नीला!" मालन फुटलीच. "दुसरं कोण असणार? आजारी पडणार तुम्ही, रक्त देऊन देव होणार तुम्ही, आणि रात्रंदिवस उभ्या राहणार आम्ही! माझ्याकडे बघायला कोण आहे, हे विचारलंत कधी? एकदा तरी?"

तो उठला. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेला. तिनं शिकवलं होतं तसे कोपरापर्यंत हात धुतले, उकड्या तांदळाचा डबा काढला आणि पेज चढवली. "तू बस," म्हणाला.

ती बसली, पण रागातच. पेज खाली लागल्याचा वास आला तरी उठली नाही.

दुपारी ती त्याच पेजेचा डबा घेऊन घाटकोपरला गेली आणि मास्क लावून बाळाच्या चाळीखाली उभी राहिली. नीलानं वरून दोरीला पिशवी सोडली आणि डबा वर ओढून घेतला. बाळा गॅलरीत आला, अंगावर सत्काराची शाल गुंडाळून.

"वहिनी, वर ये गो!"

"नाही येणार!" ती खालून ओरडली. चारपाच दारांतून माणसं डोकावली. "तुमचं रक्त आहे माझ्या घरी, ते सांभाळायचंय मला! पेज ह्यांनी केलीय, करपलीय, तरी सगळी संपवा!"

बाळा कठड्याला धरून उभा राहिला. मग त्यानं अंगावरची शाल काढली, घडी केली आणि दोरीच्या पिशवीत ठेवली. "ही तुझी, वहिनी. चुकून माझ्याकडे आली."

पिशवी खाली यायला लागली. मालनचे डोळे भरले, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"वर घ्या ती!" ती ओरडली. "तापातली शाल पाठवताय? आधी उकळत्या पाण्यातून काढा, कडक उन्हात वाळवा, आणि मग द्या! घेणार आहे मी ती!"