कासवाचा दिवा

माझ्या नवऱ्याला त्याच्या भावाचं उतरलेलं सगळं चालतं. लहानपणी शर्ट, मग सायकल, मग चष्म्याची फ्रेमसुद्धा. त्यामुळे मोठ्या दिरांनी त्यांची जुनी हायब्रीड गाडी विकायला काढली तेव्हा आमच्याकडे चर्चा अशी झालीच नाही. “घरची गाडी घरात राहील,” हा म्हणाला आणि मोकळा झाला.

गाडी मला हवी होती, हे खरं. मी पडदे शिवते. लोकांच्या खिडक्या मोजायच्या, कापडाचे नमुने दाखवायचे, पडदे शिवून झाले की दांड्यांसकट जाऊन लावून द्यायचे. माझी निम्मी गिऱ्हाइकं घाटापलीकडच्या नव्या वसाहतीत राहतात. पडद्याची लांब दांडी घेऊन भरल्या बसमध्ये कुणी चढून दाखवावं, मग मला गाडी कशाला हवी ते विचारावं.

घ्यायच्या आधी मी एकच प्रश्न विचारला होता, तोही समोरासमोर, त्यांच्या बैठकीत बसून. “भाऊजी, गाडीत कधी कुठला दिवाबिवा लागला होता का?”

“कधीच नाही,” भाऊजी म्हणाले. “तुम्हाला काय मी भंगार देईन?”

ते हसले, जाऊबाई हसल्या, आणि माझ्या नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या कपाटात हात घातलाय. गाडी घरी आली तेव्हा तिचं घड्याळ भलतीच वेळ दाखवत होतं आणि रेडिओ सगळी स्टेशनं विसरला होता. मी वेडी, घड्याळ नीट लावलं आणि कामाला लागले.

महिनाही झाला नसेल, स्टिअरिंगमागे लाल त्रिकोणाचा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी पिवळ्या इंजिनाच्या दिव्याला सोबत घेऊन परत आला. नवऱ्याने भावाला फोन लावला. भाऊजींनी तिकडून निकाल दिला की सेन्सर वेडा असतो, बिनधास्त चालवा. मी म्हटलं, दिवा लागलेला असताना मी घाटात नेणार नाही.

“दादाने तीन वर्षं वापरलीय ती,” हा म्हणाला. “त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं का? जा तू, काही होत नाही.”

आणि मी गेले. मंगळवार होता, पोरीला शाळेला सुट्टी होती, म्हणून तिला मागच्या सीटवर बसवलं. अर्धा घाट चढलो आणि गाडीतलं बळच गेलं. पाय पार खालपर्यंत दाबला तरी ती आपली रांगतेय. समोरच्या पडद्यावर एक पिवळं कासव उमटलं.

“आई, कासव आलं,” पोरगी मागून म्हणाली. तिला आनंद झाला होता.

मागे वाळूचा ट्रक होता. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. डाव्या हाताला कठडा आणि त्याच्यापुढे काही नाही. ट्रक शेवटी बाजूने घुसला आणि जाताना माझा आरसा मुडपून गेला. “त्याला आपलं कासव दिसलं नाही का?” पोरीने विचारलं. मी कुठेतरी रुंद जागा बघून गाडी थांबवली आणि मुडपलेला आरसा सरळ केला.

गॅरेजवाल्याने गाडीला यंत्र जोडलं आणि गार पाणी फिरवणारा पंप मरायला टेकलाय म्हणून सांगितलं. चढावर आतलं सगळं तापतं आणि गाडी स्वतःच ताकद काढून घेते; कासवाचा दिवा त्याचाच. नवा पंप येईपर्यंत सपाट रस्त्यावर हळूहळू चालवा, घाट विसरा. मी विचारलं, हे नवीन आहे का जुनं?

“जुनं आहे. साधी बॅटरी काढून परत लावली की दिवे जातात थोडे दिवस,” तो म्हणाला. “त्याच्याबरोबर घड्याळ आणि रेडिओपण जातात म्हणा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, दादाला माहीत नसणार. बॅटरी कुणा मेकॅनिकने काढली असेल. दादा असं करणार नाही. हे वाक्य त्याने चार दिवस इतक्यांदा म्हटलं की शेवटी मी म्हणाले, ठीक आहे, त्याच्याच तोंडून ऐकू. मला पंपाचं काही नव्हतं. त्या माणसाला माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला हवं होतं, आणि तेही नवऱ्याच्या देखत.

रविवारी पोरीला शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि सपाटीच्या रस्त्याने रमतगमत त्यांच्याकडे गेलो. दारात त्यांची नवी गाडी कव्हर घालून उभी होती. नवऱ्याने आमची तिच्यापुढे आडवी लावली.

“त्रिकोण?” भाऊजी म्हणाले. “पहिल्यांदाच ऐकतोय.”

“मग घड्याळ कसं चुकलं होतं?”

“घड्याळं चुकतात.”

“तुमच्या भिंतीवरचं बरं चुकत नाही.”

“तुला ना, भांडायला निमित्तच हवं असतं,” ते म्हणाले, आणि जाऊबाईंनी चहाचे कप ठेवता ठेवता सूर लावला. “आमच्याकडे होती तोवर कध्धी काही झालं नाही हो. चालवणाऱ्यावर असतं सगळं. आणि तुम्ही ते कापडाचे तागे भरभरून नेता.”

“तागे, ताई, पाठीवरून नेले असते तर गाडी कशाला घेतली असती?”

“जाऊ दे ना,” नवरा कपात बघत म्हणाला. “दादा म्हणतोय तर.” हातातली बशी मी त्याच्याच डोक्यात घालणार होते.

तेवढ्यात छकुली बॅग ओढत बाहेर आली. छकुली म्हणजे त्यांची मुलगी, आता माझ्याहून वीतभर उंच. तिला घाटापलीकडे नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. टॅक्सी अजून येत नाही म्हणून ती कुरकुरत होती.

नवऱ्याचा चेहरा उजळला. भावाची बाजू राखायची याहून चांगली संधी त्याला कुठे मिळणार? “टॅक्सी कशाला? मी सोडतो तुला. दारात गाडी आहे की.”

मी तोंड उघडलं, घाटात जायचं नाही हे सांगायला. पण माझ्याआधी भाऊजी बोलले.

“नको.”

“अरे दादा, असा जाऊन असा येतो.”

“त्या गाडीत नको. घाट आहे.”

जाऊबाईंनी ट्रेमधले कप उगाच इकडचे तिकडे केले. छकुलीने विचारलं, “का?”

“तुला गाडी लागते,” भाऊजी म्हणाले.

“मला? कधी?”

नवरा अजून उभाच होता. “घाटात काय होतं, दादा?” त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. खरंच माहिती विचारावी तसं विचारलं.

“होत काही नाही रे. उगाच रिस्क कशाला?”

“मंगळवारी आमची पोर मागे बसली होती.”

“मग, झालं का काही? नाही ना?”

मी सकाळपासून वाक्यं घोटून ठेवली होती, एकेक धारदार. त्यातलं एकही लागलं नाही, आणि मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. मग नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि तो आनंद अर्धा राहिला.

“तुला माहीत होतं,” तो भावाला म्हणाला.

“आणि असलं तर?” भाऊजींचा आवाज आता चढला. “नवी घ्यायची ऐपत होती तुझी? बाजारात विचारून बघ, असल्या गाडीला किती पडतात ते. उपकार केले ते राहिले बाजूला.”

छकुली बापाकडे बघत राहिली. भाऊजींनी नजर फिरवली ती तिच्यापासून, आमच्यापासून नाही. नवऱ्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. “तुमची गाडी तुमच्या दारात राहू दे,” तो म्हणाला आणि चपला घालायला लागला.

जाऊबाई फाटकापर्यंत आमच्या मागे आल्या. “अहो, आडवी लावलीय ती. आमची कशी काढायची?”

“किल्ली आत आहे,” मी म्हणाले. “बिनधास्त चालवा.”

बसथांब्यापर्यंतचा रस्ता लांब होता. नवरा एरवी चालताना दुकानांच्या पाट्या वाचतो, कुणाकुणाला नावं ठेवतो. त्या दिवशी त्याने काही वाचलं नाही. थांब्यावर आम्ही दोघंच होतो.

“किती पटकन म्हणाला गं दादा,” तो म्हणाला. “नको. विचारसुद्धा नाही केला.”

“बाप आहे तो,” मी म्हणाले. “तूही आहेसच की. तू मात्र ‘जा’ म्हणालास.”

बस आली. तो आधी चढला आणि माझ्यासाठी जागा धरून उभा राहिला. मी मागे जाऊन दुसरीकडे बसले.